जावक

म्हसरूळच्या रोपवाटिकेत एकतीस वर्षं
मी फक्त जावक लिहिली.
आवक बेंडकुळेमामांची.
पेठकडून, हरसूलकडून पोत्यात भरून आणायचे,
हिरडा, बेहडा, ऐन, हुंब,
आणि सगळ्यात तळाशी, फडक्यात वेगळं बांधून
एखादं बी, ज्याचं नाव त्यांनाही
शहराच्या बोलीत सांगता यायचं नाही.
"लाव तर. आल्यावर कळंल."

बेहडा लवकर ऐकत नाही.
शेणकाल्यात भिजवा, उन्हात टाका, परत भिजवा,
मग एखाद्या सकाळी पिशवीतली माती
आतून कुणी ढुशी दिल्यासारखी उचललेली दिसते.
याला रजिस्टरात रकाना नव्हता.

रकाने असे: तारीख, जात, नग, नेणाऱ्याचे नाव, सही.
लोक नेत गेले.
शाळा, सोसायट्या, वाढदिवस.
सिडकोतले एक काका दर वर्षी एकच कडुनिंब,
दर वर्षी त्याच खड्ड्यासाठी.
आणि बदल्याचे लोक.
पाथर्डी फाट्याला एक वड गेला, त्याच्या बदल्यात पंधरा रोपं,
टेम्पोत आडवी घातलेली,
मुकादमाची सही इतक्या घाईची
की त्याचं नाव मला आजवर लागलेलं नाही.
पावती मात्र मी नीट फाडून दिली.
तीवर अक्षर माझं.

निवृत्तीच्या आधीचं वर्षभर
रविवारी रजिस्टर पिशवीत घालून निघायचे
गेलेल्यांना शोधत.
त्या पंधरांचे पंधराही खड्डे सापडले.
खड्डे चांगले होते, चौकोनी, मापाचे.
एकात कुत्री व्यायली होती.

मखमलाबाद नाक्याला करंज भेटला,
दोन हजार तीन सालचा, नग एक,
रिक्षा स्टँडवर, अंगात क्लासच्या पाटीचे चार खिळे.
फांदीला डबा अडकवणारा म्हणाला,
"हा इथलाच, मावशी. पहिल्यापासूनचा."
मी भांडले नाही.
समासात पेन्सिलीने लिहिलं: आहे.
वर्षभरात हा शब्द अकरा वेळा लिहिला.
पुढच्या पानांवरचं शोधायचं राहिलं,
गुडघे नाही म्हणाले.

आता तेजल गांगुर्डे आली आहे, सगळं कॉम्प्युटरवर चढवते.
शेवटची नोंद माझीच होती:
फडक्यातल्या बियांपैकी एक रोप, वीतभर,
पानांना चुरगळलं की कैरीसारखा वास.
"जात काय टाकू, बाई?"
मी मामांचं वाक्य सांगितलं.
तिने हसत तसंच्या तसं टाइप केलं.

मग एक नवीनच चौकट आली,
काम पूर्ण झाल्याची तारीख.
"रोप गेलं की पूर्ण ना?"
"गेलं म्हणजे गेलं. पूर्ण कुठं?"
रिकामं ठेवलं तर मशीन पुढे सरकेना.
तेजल एकेक वर्ष वाढवत गेली,
मी "अजून" म्हणत राहिले.
माझं मरण कधी मागे पडलं कळलं नाही,
तिची निवृत्ती, तिच्या होणाऱ्या लेकींची लग्नं,
सगळी तिच्या बोटाखालून सरकत गेली
आणि एका जागी आकडे अडले:
एकतीस डिसेंबर, दोन हजार नव्याण्णव.
"याच्यापुढे घेत नाही."

दोघी बघत बसलो.
बाहेर माळी नळी ओढत होता,
ओळीच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पाणी पोचत नाही
म्हणून रोजच्यासारखा पुटपुटत.
तेजलने उगीच त्या दिवसाचा वार पाहिला.
"गुरुवार येतो, बाई."

गुरुवार.
म्हणजे ऑफिस उघडं असेल.
मी म्हटलं, टाक.